परदेशची विद्या व अमलाचें मोर्तब

तोरण्याच्या पायथ्याशीं वेल्ह्याच्या मुलुखांत, म्हणजे जुन्या कानद खोऱ्यांत व शेजारच्या गुंजण मावळांत, मरळ, शिळीमकर इत्यादि देशमुखांच्या वतनी कागदांचा ज्यास परिचय आहे त्यास एक गोष्ट सांगावयास नको. वतन वंशपरंपरेचें असलें तरी अंमल पालटला कीं वतनदार जुने कागद घेऊन नव्या धन्यापुढें उभा राही व ताजी सनद मागे. हक्क जुनाच, पण मोर्तब चालू अमलाचें लागे. प्रस्तुत टिपणांत याच दृष्टीनें निराळ्या जातीच्या सनदांचा विचार करावयाचा आहे. एका देशांत वैद्यक किंवा शुश्रूषा शिकून दुसऱ्या अमलांत काम करूं इच्छिणाऱ्या स्त्रियांच्या त्या सनदा होत. आमच्या संग्राहकांचें लक्ष अद्याप त्यांकडे फारसें गेलेलें दिसत नाहीं.

इंग्लंडांत इ. स. १८५८ च्या कायद्यानें वैद्यांची नोंदवही सुरू झाली. तींत नव्यानें नांव चढण्यास ब्रिटिश बेटांतीलच एखाद्या अधिकृत संस्थेची परीक्षा लागे. परदेशची पदवी, मग ती केवढीही मोठी असो, पुरत नसे. एडिथ पीची या विदुषीस याचा पुरता अनुभव आला. इ. स. १८६९ त एडिंबरो विद्यापीठांत त्यांचा प्रवेश झाला, परंतु पदवी नाकारली गेली. पुढें स्वित्झर्लंडांतील बर्न येथें त्यांनीं एम्. डी. संपादिली, तरी नोंदवहीचें दार उघडलें तें इ. स. १८७७ त मिळालेल्या डब्लिनच्या वैद्यसंस्थेच्या साध्या परवान्यानें. याच बाई इ. स. १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या व इ. स. १८८६ त उघडलेल्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या.

त्यांच्याच उत्तेजनानें रखमाबाई इ. स. १८८९ त विलायतेस गेल्या. दादाजी भिकाजी यांच्याशीं झालेल्या खटल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. ती येथें उगाळीत नाहीं. शिक्षण लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकशाळेंत झालें; पण परवाना मिळाला, इ. स. १८९४ त, एडिंबरो व ग्लासगो येथील तीन संस्थांच्या संयुक्त परीक्षेनें. चरित्रपर लेखांतून त्यांची एम्. डी. ही पदवीच ठळकपणें मांडिली जाते. ती ब्रुसेल्सची; तिनें मान वाढला असेल, नोंदवहींत नांव चढण्यासारखें नव्हतें. चिकित्सकानें प्रथम पाहावा तो स्कॉटलंडचा परवाना. सुरत व नंतर राजकोट येथें त्यांनीं जी दीर्घ सेवा केली तिचा कायदेशीर पाया तोच होय.

याच्या उलट उदाहरण आनंदीबाई जोशी यांचें. फिलाडेल्फियाची इ. स. १८८६ ची त्यांची एम्. डी. ब्रिटिश नोंदवहीस चालणारी नव्हती. परंतु मुंबई इलाख्यांत वैद्यांची नोंदवहीच मुळीं इ. स. १९१२ च्या कायद्यानें आली. त्यामुळें कोल्हापूर दरबारानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक केली त्यास कोणतीहि आडकाठी नव्हती. दरबारचा हुकूम हेंच मोर्तब. काम हातीं घेण्यापूर्वींच, ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, त्या पुण्यास वारल्या, हें दुर्दैव निराळें.

परिचारिकांची स्थिति याहून बिकट. वैद्यास एका अमलाची सनद दुसऱ्यांत अपुरी पडे. परिचारिकेस सनदच नव्हती. कामा रुग्णालयांत शुश्रूषेचें शिक्षण सुरू झालें, इ. स. १८९१ त काशीबाई गणपत शुश्रूषा शिकावयास आल्या, पुढें पुण्याच्या सेवासदनानें ससून रुग्णालयांत विद्यार्थिनी धाडिल्या. पण शेवटीं हातीं येई तो रुग्णालयाचा दाखला. तो देणाऱ्या डॉक्टरास कोणी ओळखीत असेल तेथवर त्याची किंमत. इंग्लंडांत परिचारिकांची नोंदवही इ. स. १९१९ च्या कायद्यानें झाली, व साम्राज्यांतील इतर प्रदेशांत शिकलेल्यांस परस्पर मान्यतेनें घेण्याची तरतूदहि तींत होती. परंतु परस्पर म्हटलें कीं दुसऱ्या बाजूसहि नोंदवही हवी. मुंबई इलाख्यांत ती इ. स. १९३५ च्या कायद्यानें आली. परदेशीं अधिकाऱ्यांशीं मान्यतेची बोलणीं करण्याचा अधिकार अखिल भारतीय परिचर्या परिषदेस इ. स. १९४७ च्या कायद्यानें मिळाला. म्हणजे कामा रुग्णालय उघडल्यापासून साठांवर वर्षें लोटलीं. या काळांत शिकलेल्या बाया कमी हुशार होत्या म्हणून त्यांचीं नांवें परमुलखांत दिसत नाहींत, असें अनुमान कोणी काढूं नये. पुराव्याचा अभाव हा येथें कायद्याच्या अभावाचा परिणाम आहे.

पुढें राज्याचा इ. स. १९६६ चा कायदा झाला. आज विलायतेस जाणाऱ्या मराठी परिचारिकेस येथील नोंद दाखवून पुन्हा तेथील लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेंतहि निराळी परीक्षा आहेच. ताज्या सनदेचा रिवाज मोडलेला नाहीं.

संग्राहकांस विनंति इतकीच कीं, मावळांतून पोटासाठीं मुंबई-पुण्यास गेलेल्या कुटुंबांच्या पेट्या उघडण्याचा प्रसंग येईल तेव्हां मोडी रुमालांबरोबर असे छापील दाखलेहि बाजूस काढावे. इ. स. १९३५ पूर्वींचा असल्यास रुग्णालयाचें नांव व सही करणाराचा हुद्दा, नंतरचा असल्यास नोंदणीचा क्रमांक व तारीख, आणि पाठीवर शेरा असल्यास तोहि, यांची पाठपोट नक्कल करून ठेवावी. पाठीवरचे शेरे विशेषेंकरून वगळूं नयेत. बाई कोठें कोठें चाकरीस होती हें बहुधा त्यांवरूनच कळतें.