चार वेळा उघडलेला पंजा आणि एक बोट : वाचा गेल्यानंतरच्या संवादाचा इतिहास (थ्रेड)

एप्रिल १८६१. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्यापुढे लबोर्न्य नावाचा ५१ वर्षांचा रुग्ण आणला गेला. काहीही विचारले तरी त्याच्या तोंडून 'तां, तां' एवढेच निघे. रुग्णालयात त्याचे नावच 'तां' पडले होते.

येथे येऊन किती वर्षे झाली, असे ब्रोकांनी विचारले. उजवा हात लुळा होता. त्याने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडून दाखवला आणि मग एक बोट वर केले. पाच चोक वीस आणि एक, म्हणजे २१. उत्तर अचूक होते. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आल्यावर मात्र आपली परीक्षा पाहिली जात आहे हे त्याने ओळखले, आणि तो संतापला!

१७ एप्रिलला तो वारला. शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या बाजूची इजा सापडली. 'ब्रोकाचे क्षेत्र' पाठ्यपुस्तकांत गेले आणि मेंदू संग्रहालयात. पाठ्यपुस्तकांत त्या डाव्या हाताचा उल्लेख क्वचितच आढळतो.

खरा प्रश्न त्या हातातच होता. शब्द गेले की विचारही जातात का? 'ॲफेझिया', म्हणजे वाचाघात, हा शब्द १८६४ मध्ये रूढ करणारे आर्माँ त्रूसो यांच्या मते अशा रुग्णाची बुद्धीही अधू होते. (लबोर्न्यचा विकार वर्षानुवर्षे वाढत गेलेला होता, पण वाचाघाताचे सर्वांत मोठे कारण म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटून येणारा पक्षाघात.)

या प्रश्नाला पुढे एक अनपेक्षित उत्तर मिळाले, तेही एका चिंपांझीमुळे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांनी सॅरा नावाच्या मादीला प्लास्टिकचे तुकडे शब्दांसारखे वापरायला शिकवले होते. निळा त्रिकोण म्हणजे सफरचंद. १९७३ मध्ये ग्लास, गॅझानिगा व प्रेमॅक यांनी याच धर्तीवर कागदी चिन्हे कापली आणि ती तीव्र वाचाघाताच्या सात रुग्णांपुढे ठेवली. बोलणे व समजणे दोन्ही जवळजवळ गमावलेली ही माणसे कमीअधिक प्रमाणात ती चिन्हभाषा शिकली. वानराची पाटी माणसापुढे ठेवणे अपमानास्पद वाटू शकते. पण ज्यांना सारे 'काही समजत नाही' असे धरून चालले होते, त्यांची बाजू याच पाटीने मांडली.

१९७६ मध्ये हॉवर्ड गार्डनर (होय, बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांताचे तेच) आणि सहकाऱ्यांनी कार्डांवर चिन्हे काढून दृश्य भाषा रचली. तिच्यातून काही रुग्ण प्रश्नांची उत्तरे देऊ लागले, तर मोजके जण स्वतःच्या इच्छाही सांगू लागले. १९८९ मध्ये स्टील, वाइनरिक आदींनी तीच कल्पना संगणकावर आणली. पडद्यावरची चित्रे निवडून ओळीत मांडली की वाक्य तयार होई. 'लिंग्राफिका' हे उपकरण याच कामातून पुढे आले.

अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. उपचारकक्षात जमलेली चिन्हे घरी अनेकदा पडून राहत. रुग्ण महिनोन्‌महिने चिन्हे शिके. त्याच्याशी बोलणाऱ्या घरच्यांना ती कोणी शिकवलेलीच नसत.