किल्लारी : 3.56 च्या आधी

ऑगस्ट ते ऑक्टोबर 1992. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात जमीन गुरगुरू लागली. धक्के लहान. 18 ऑक्टोबरचा त्यातल्या त्यात मोठा, 4 रिश्टरच्या आसपास. लोक काही रात्री अंगणात झोपले, पुढे घरात परतले. अधिकृत नकाशात हा भाग विभाग 1 मध्ये होता, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा. दख्खनचा खडक पक्का, हा समज 1967 च्या कोयना भूकंपानंतरही टिकला. कोयनेचे खापर धरणावर फोडता येत होते.

29 सप्टेंबर 1993, रात्र. अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे घरी आली. घरे माळवदाची: मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर लाकडे, त्यावर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची. जुनी कोणी काढत नसे.

30 सप्टेंबर, पहाटे 3.30. मुंबईत मुख्यमंत्री शरद पवार विसर्जनाच्या खबरा घेत जागेच होते.

3 वाजून 55 मिनिटे 48 सेकंद. जमिनीखाली दहाएक किलोमीटरवर खडक तुटला. तीव्रता 6.2.

3.55.50. पहिली, सौम्य लाट किल्लारीत पोचली. भिंती पाडणारी दुसरी लाट जेमतेम सेकंदभर मागे होती. झोपलेल्या माणसाला तेवढ्यात उठून बसणेही जमत नाही.

3.56.12 च्या सुमारास. पहिली लाट नांदेडला.

3.56.24 च्या सुमारास. हैदराबादला. भूकंपाचे केंद्र काढायला निदान तीन ठिकाणच्या नोंदी जुळवाव्या लागतात. तीव्रतेचा हिशेब त्यानंतर. याच हैदराबादेत 2007 पासून त्सुनामी इशारा केंद्र आहे. समुद्रातली लाट किनाऱ्यावर यायला वेळ घेते, म्हणून तिथे दहा मिनिटांत केलेला हिशेब जीव वाचवू शकतो. किल्लारीजवळच्या सास्तूर, मंगरूळ, होळी या गावांत तो कितीही लवकर झाला असता तरी उशिराच होता.

चारच्या सुमारास. मुंबईत खिडक्या हादरल्या. पवारांनी कोयनेला विचारले. उत्तर आले: कोयना नाही, लातूर.

उजाडल्यावर. गल्ल्या उरल्या नव्हत्या. दगडांखाली माणसे आणि त्यांच्यावर छताची माती. नंतर पाऊसही आला.

सरकारी हिशेब: 52 गावे पूर्ण उद्ध्वस्त, 7,928 मृत.

2002. नकाशा सुधारला. किल्लारी विभाग 3 मध्ये गेली.

21 मार्च 2024, सकाळी 6.08. हिंगोली जिल्ह्यात 4.5 चा धक्का, नांदेडकरांनाही जाणवला. मराठवाड्यात माळवदाची घरे अजून आहेत. तुमचे तसे असेल, तर येत्या पावसाळ्याआधी वर माती टाकू नका. आहे ती कमी करा आणि भिंतीत आरपार दगड बसवून घ्या.