टगचा ठावठिकाणा

नाशिककराला समुद्राची ओढ बेताचीच. आमची गोदावरीच बघा ना! जन्म त्र्यंबकेश्वरी, अरबी समुद्र शंभर किलोमीटरांच्या आत. तरी बाईसाहेब पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला गेल्या. अशा गावात आमची ताई रोज चहाआधी एका टगची चौकशी करते, कारण भाचा त्यावर नोकरीला आहे. मोबाइल माझ्या हातात देते. "तू बँकेतला, तुला आकडे कळतात."

आकडे ओळखीचेच निघाले. जहाजाचा आयएमओ क्रमांक सात आकडी. नाव बदलो, मालक बदलो, खातेक्रमांक मरेपर्यंत तोच. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करा. तिचा शेवटचा आकडा म्हणजे सातवा. ९०७४७२९ घ्या. बेरीज १३९, शेवटी ९. टॅली!

टगची पत मात्र त्याच्या ओढीवर. धक्क्यावरच्या खुंटाला दोर बांधून त्याला पूर्ण ताकदीने ओढायला लावतात आणि ताण टनांत मोजतात. धंदा जुना. १८०३ साली स्कॉटलंडच्या कालव्यात 'शार्लट डंडस' या वाफेच्या बोटीने सत्तर-सत्तर टनांचे दोन पडाव ओढून दाखवले. कालवेवाल्यांना धास्ती, लाटांनी काठ ढासळतील! बोट बसवून ठेवली. कर्ज मंजूर, रक्कम नामंजूर.

थोडक्यात, टग म्हणजे जहाजाचा जामीनदार. तो सुटला की काय होते, हे जुहूने जून २०११ मध्ये पाहिले. कोलंबोहून अलंगला भंगारात निघालेल्या जहाजाचा दोर तुटला आणि ते चौपाटीच्या वाळूत येऊन बसले. नाव 'विज्डम'. शहाणपणच ते, दोर तुटल्यावर कुठेही जाते!

ताई हसते, पण मोबाइल सोडत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात 'वरप्रदा' हा टग मुंबईजवळच्या समुद्रात बुडाला. तेरा जणांपैकी दोघेच वाचले. तेव्हापासूनचा हा नेम. पडद्यावरचा ठिपका म्हणजे जहाजाने रेडिओवरून स्वतः दिलेली हजेरी. जहाज दूर गेले की किनाऱ्यावरच्या अँटेनाला ती ऐकू येत नाही आणि ठिपका गोठतो.

"अरे, कालपासून हलला नाही रे!"

"ताई, व्यवहार चालू आहे. फक्त पासबुकात नोंद व्हायची राहिलीय."