न्यायाधीशांविरुद्ध तक्रार: कशाबद्दल, कुणाकडे आणि कशी

अॅट्रॉसिटीच्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले की वस्तीवर पहिले वाक्य ऐकू येते, 'जज्ज मॅनेज झाला.' जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत काम करताना हे आम्ही कितीदा तरी ऐकले आहे. कधी त्यामागे खरी शंका असते, बहुतेक वेळा संताप असतो. संताप समजण्यासारखाच आहे. पण निकाल चुकणे आणि न्यायाधीशाचे वर्तन चुकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची दारेही वेगळी आहेत. चुकीच्या दारावर उभे राहिलो तर तक्रार फेटाळली जाते आणि तोवर अपिलाची मुदत निघून जाते. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 14अ नुसार ही मुदत निकालापासून 90 दिवसांची आहे. खान्देशातल्या कार्यकर्त्यांसाठी ते दार म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ.

खैरलांजीचे उदाहरण घेऊ. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली, 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने ती 25 वर्षांच्या कारावासावर आणली. दोन्ही न्यायालयांनी अॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. समाजाला हे आजही पटलेले नाही, आम्हालाही नाही. तरीही तो न्यायाधीशांच्या गैरवर्तनाचा विषय ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये कृष्ण प्रसाद वर्मा प्रकरणात स्पष्ट केले की केवळ आदेश चुकला म्हणून जिल्हा न्यायपालिकेतल्या न्यायाधीशावर शिस्तभंगाची कारवाई करू नये. त्यामागे पैसा, ओळख, दबाव असे बाहेरचे कारण दिसले पाहिजे. हा नियम आपल्या विरोधात आहे असे कुणाला वाटेल. पण गावातल्या बड्या धेंडांविरुद्ध निकाल देणाऱ्या न्यायाधीशालाही हेच संरक्षण मिळते, हे विसरता कामा नये.

निकालाची किंमत कधी दुसऱ्या मार्गाने मोजावी लागते. नागपूर खंडपीठाच्या न्या. पुष्पा गनेडीवाला यांनी जानेवारी 2021 मध्ये पोक्सोच्या प्रकरणात त्वचेचा त्वचेशी स्पर्श झाला नाही म्हणून लैंगिक हल्ल्याचे कलम लागत नाही, असा निकाल दिला. कॉलेजियमने त्यांना कायम करण्याची शिफारस मागे घेतली, नोव्हेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्द केला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्या अतिरिक्त न्यायाधीश होत्या म्हणून हे घडू शकले. कायम झालेल्या न्यायाधीशाला हा उपाय लागू पडत नाही.

आता गैरवर्तनाकडे. तालुका आणि जिल्हा न्यायालयांचे न्यायाधीश संविधानाच्या अनुच्छेद 235 प्रमाणे उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली असतात. त्यांच्याविरुद्ध तक्रार प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा थेट उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलांकडे करता येते. आमदार, पालकमंत्री, कलेक्टर यांचा इथे संबंध नाही. मोर्चा काढून निवेदन कलेक्टरला देण्याची आपली सवय या कामी उपयोगाची नाही.

अशा तक्रारीने न्यायालयाचा अवमान होईल, ही भीती आम्हाला फार भेटते. न्यायालय अवमान अधिनियम, 1971 चे कलम 6 त्यासाठी पाठ करून ठेवावे. कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाबद्दल सद्भावनेने उच्च न्यायालयाकडे केलेले विधान हा अवमान नाही. तेच विधान व्हॉट्सअॅपवर फिरवले, फलकावर लिहिले की हे संरक्षण राहत नाही. तक्रार मात्र नुसत्या पत्राने चालत नाही. सरन्यायाधीश दत्तू यांनी 2014 मध्ये उच्च न्यायालयांना कळवले होते की शपथपत्र आणि पडताळता येईल असा पुरावा नसेल तर कनिष्ठ न्यायाधीशांविरुद्धची तक्रार विचारात घेऊ नये.

पुरावा असेल तर कारवाई होते, हे साताऱ्याने दाखवले. जामिनासाठी 5 लाखांची लाच मागितल्याच्या आरोपावरून जिल्हा व सत्र न्यायाधीश धनंजय निकम यांच्यावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला. ऑक्टोबर 2025 मध्ये शिस्तभंगाच्या कारवाईत त्यांना सेवेतून बडतर्फ करण्यात आले. फौजदारी खटला ही वेगळी प्रक्रिया आहे, त्याचा निकाल न्यायालय देईल. तक्रार घेऊन गेलेली व्यक्ती कुणी मोठी असामी नव्हती, तुरुंगातल्या माणसाच्या जामिनासाठी धडपडणारी त्याची मुलगी होती.

उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या बाबतीत चित्र एकदम बदलते. तिथे अनुच्छेद 124(4) आणि 1968 चा न्यायाधीश चौकशी अधिनियम लागतो. लोकसभेच्या 100 किंवा राज्यसभेच्या 50 सदस्यांच्या सह्या, तीन जणांची चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. संविधानाच्या पहिल्या 75 वर्षांत या मार्गाने एकही न्यायाधीश हटवला गेला नाही. 1993 मध्ये न्या. रामस्वामी यांच्याविरुद्धचा ठराव काँग्रेस सदस्य तटस्थ राहिल्याने पडला. 2011 मध्ये न्या. सौमित्र सेन यांनी राज्यसभेने ठराव मंजूर केल्यावर, लोकसभेत तो येण्याआधी राजीनामा दिला.

मधला मार्ग मुंबईतून निघाला. 1995 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांना लंडनच्या प्रकाशकाकडून मिळालेल्या मोठ्या रॉयल्टीवरून वकील संघटनांनी राजीनाम्याची मागणी केली. त्यांनी पद सोडले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हटवण्याइतके गंभीर नसलेले पण न शोभणारे वर्तन तपासण्यासाठी न्यायपालिकेची अंतर्गत पद्धत हवी. 1997 मध्ये 16 मुद्द्यांची आचारमूल्ये ठरली: नातेवाईक किंवा मित्राचा खटला चालवू नये, घरातल्या वकिलाला निवासस्थान वापरू देऊ नये, राजकीय विषयांवर जाहीर मतप्रदर्शन करू नये, वगैरे. 1999 मध्ये अंतर्गत चौकशीची पद्धत आली. न्या. यशवंत वर्मा यांच्या दिल्लीतल्या बंगल्यात मार्च 2025 मध्ये आगीनंतर नोटा सापडल्याच्या प्रकरणात हीच पद्धत वापरली गेली.

या पद्धतीत न्यायाधीशच न्यायाधीशांना तपासतात, ही आमची मुख्य हरकत आहे. बाबासाहेबांनी 24 मे 1949 रोजी संविधान सभेत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलताना सरन्यायाधीशही शेवटी माणूसच आहेत आणि सामान्य माणसाचे दोष त्यांच्यातही असू शकतात, म्हणून त्यांना नकाराधिकार नको, अशी भूमिका मांडली होती. बाबासाहेब स्वतः वकील म्हणून 31 जुलै 1937 रोजी धुळ्याच्या न्यायालयात आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी त्या दिवशी जमणाऱ्या तरुणांनी हे भाषणही वाचावे.

न्या. कर्णन यांचे प्रकरण आपल्याकडे नेहमी निघते. दलित असल्याने आपला छळ होतो, असा त्यांचा आरोप होता. 2017 मध्ये अवमानासाठी त्यांना सहा महिने कैद झाली. त्यांचे आदेश बेताल होते, हे मान्य. पण पदावरच्या न्यायाधीशाला कैद होते आणि त्याने केलेल्या जातिभेदाच्या आरोपांची उघड चौकशी होत नाही, ही खंत उरतेच.

तक्रार लिहिताना न्यायाधीशाचे पूर्ण पदनाम, खटल्याचा क्रमांक, तारीख, वेळ आणि नेमके काय घडले तेवढेच लिहावे. रोजनाम्याची प्रमाणित प्रत काढावी. ऐकीव गोष्टी, जातीवरून टोमणे, 'सगळेच भ्रष्ट आहेत' अशी वाक्ये गाळावीत. निकालाबद्दलची हरकत अपिलात जावी, तक्रारीत नको. शपथपत्र नोटरीकडून करून स्पीड पोस्टाने पाठवावे, पोचपावती फाइलला लावावी आणि फिर्यादीच्या संमतीशिवाय प्रत कुणाला देऊ नये.