पाणी न उडवता मारायची उडी

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना सूर आणि मुटका यांतला फरक समजावून सांगायला नको. मुटक्यात जितकं पाणी उडेल तितकी शाबासकी जास्त! माझं संशोधन खेळांच्या इतिहासावर आहे आणि सध्या मी ज्या खेळात अडकलेय, त्यात माप नेमकं उलटं होतं.

हवाई बेटांवर त्याला 'लेले कावा' म्हणत. कड्यावरून समुद्रात उडी मारायची, पाय खाली ठेवून, आणि पाणी उडू द्यायचं नाही. माउईचा राजा काहेकिली 18व्या शतकात यात नावाजलेला होता. लानाई बेटावर काउनोलू इथे त्याच्या नावाचा कडा आजही दाखवतात. उंची साधारण 60 फूट, पण तुम्ही पायथा बघा. तिथे खडक पुढे आलाय, म्हणजे नुसतं खाली पडून भागत नाही, आधी पुढे झेपावावं लागतं. राजा आपल्या योद्ध्यांना इथून उडी मारायला लावून त्यांची परीक्षा घ्यायचा, अशी कथा सांगतात. पर्यटकांना ती फार आवडते. मला मात्र त्या शौर्यापेक्षा पाणी न उडवण्याची अट जास्त बोलकी वाटते.

थोडं गणित करू. हवेचा विरोध सोडून दिला, तर 10 मीटरवरून पडणारं शरीर ताशी 50 किलोमीटर वेगाने पाण्याला भिडतं आणि 20 मीटरवरून 71 च्या. वेग दुप्पट झाला नाही, पण शरीराला झेलावी लागणारी ऊर्जा दुप्पट झाली. इतक्या वेगात पाणी चटकन बाजूला सरत नाही. आडवं पडलात तर सगळा मार पाठीपोटावर. काठीसारखं सरळ शिरलात तर पाणीही कमी उडतं आणि मारही कमी बसतो. म्हणजे जो नियम नजाकतीचा वाटतो, तो मणका सांभाळणाराही आहे.

मेक्सिकोत अकापुल्कोच्या ला केब्रादा कड्यावरचे लोक याहून अवघड काम करतात. 1934 पासून तिथे सुमारे 35 मीटरवरून सूर मारला जातो, तोही डोकं खाली. घळ अरुंद, पाणी उथळ. लाट आत शिरते तेव्हाच खोली पुरेशी होते. आता बघा, खाली पोचायला अडीच सेकंदांहून जास्त वेळ लागतो. म्हणजे लाट अजून बाहेर असतानाच कडा सोडायचा! हा अंदाज पुस्तकातून येत नाही. पोरं खालच्या टप्प्यांवरून सुरुवात करतात आणि जुन्या लोकांच्या नजरेखाली वर्षानुवर्षं वर सरकतात. तरी शरीर किंमत मोजतंच. या लोकांच्या मणक्यांवरचा वैद्यकीय अभ्यास 1962 मध्येच प्रसिद्ध झालाय.

2013 मध्ये बार्सिलोनाच्या जागतिक जलक्रीडा स्पर्धेत हा प्रकार पहिल्यांदा आला. पुरुषांसाठी 27 मीटर, महिलांसाठी 20. पाण्यात शिरायचं पायांवर (हवाईवाल्यांना हे आधीच ठाऊक होतं!), खाली मदतीला पाणबुडे तयार. पण उडी होती बंदरात उभारलेल्या मनोऱ्यावरून. कडा गेला, लाट गेली, भरती-ओहोटीही जवळपास गेली. सुरक्षेसाठी ते योग्यच. मात्र तिथल्या उडीचा व्हिडिओ पाहून कोणी खडकावर गेलं, तर जी गोष्ट सर्वांत आधी शिकायची ती त्यात नसतेच.

आपल्याकडे तर हे जास्तच लागू आहे. विहिरीत पाणी किती, हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं आणि सकाळचं उत्तर संध्याकाळीही चालतं. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत 4 मीटरांच्या आसपास फरक पडतो, तोही साधारण सहा तासांत. सकाळी ज्या खडकावरून कोणी सुखरूप उडी मारली, त्याच्याखाली दुपारी गुडघाभर पाणी असू शकतं. वर पाणी गढूळ, म्हणजे वरून बघून ते कळणारही नाही.