पक्ष नसलेला पक्ष

एप्रिल 2023. मी ऑनसाईट होतो आणि लंडनच्या दक्षिणेला सरे काउंटीत, यूएल नावाच्या गावात भाड्याने राहत होतो. एका संध्याकाळी घरी आलो तर दारातून आत टाकलेल्या पिझ्झाच्या पत्रकांमध्ये एक निवडणुकीचं पत्रक सापडलं. त्यात सुनक नाहीत, ब्रेक्झिट नाही. कचऱ्याचे डबे, पार्क, पार्किंग, आणि खाली लिहिलेलं : रेसिडेंट्स असोसिएशन. मला वाटलं सोसायटीच्या मीटिंगचं आमंत्रण आहे. फ्लॅटमेट म्हणाला, अरे बाबा, इथे सत्ताच यांची आहे!

दुसरा धक्का म्हणजे मला मत होतं. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना तिथे मतदान करता येतं, अगदी पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा. कित्येक वर्षं ऑनसाईट राहिलेल्या आपल्या मंडळींना हे माहीत नसतं. मग काय, वीकेंडला बसून या कौन्सिलचा इतिहास खणून काढला.

यूएल हे 'एप्सम अँड यूएल' या बरोमध्ये येतं. कायद्याने हा एक डिस्ट्रिक्ट, पण डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे, कामाच्या मानाने नगरपालिका म्हणा. शाळा आणि रस्ते काउंटीकडे. कचरा, बागा, बांधकाम परवानग्या डिस्ट्रिक्टकडे. एप्सम म्हणजे आपल्या केमिस्टकडे मिळणाऱ्या एप्सम सॉल्टचं एप्सम. 1780 पासून डर्बीची शर्यतही इथलीच. 1913 च्या डर्बीत एमिली डेव्हिसन बायकांच्या मताच्या हक्कासाठी राजाच्या घोड्यापुढे गेली आणि चार दिवसांनी एप्सममधल्याच हॉस्पिटलात वारली. जगाला हे गाव मतदानाच्या संदर्भात आठवलंच तर तेवढ्यासाठी आठवतं. पण मला त्याच्या कौन्सिलची गोष्ट जास्त चक्रावणारी वाटते.

1930 च्या दशकात लंडन रेल्वेच्या रुळांवरून दक्षिणेकडे सरकत आलं. 1932 मध्ये स्टोनली स्टेशन सुरू झालं आणि आजूबाजूच्या शेतांमध्ये जोडघरांच्या रांगा उभ्या राहिल्या. नवी कॉलनी, लोकलने लंडनला जाणारे नोकरदार, आणि गावच्या कारभारात ओळखीचं कुणी नाही... वाकड-हिंजवडीला फ्लॅट घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. या लोकांनी आपापल्या भागात रेसिडेंट्स असोसिएशन काढल्या. फरक इतकाच, की आपण सोसायटीच्या ग्रुपवर भांडतो, ते निवडणुकीला उभे राहिले. 1937 मध्ये एप्सम अँड यूएलला बरोचा दर्जा मिळाला, आणि तेव्हापासून कौन्सिलमध्ये बहुमत सतत या असोसिएशनवाल्यांचंच. चर्चिल, थॅचर, ब्लेअर आले आणि गेले, इथे फरक नाही.

बरं, ही माणसं बंडखोर वगैरे अजिबात नाहीत. एप्समचा पार्लमेंटचा मतदारसंघ 1885 मध्ये झाला, तेव्हापासून थेट 2024 पर्यंत कॉन्झर्व्हेटिव्हांचा गड होता. 2024 मध्ये लिबरल डेमोक्रॅट हेलन मॅग्वायर यांनी तो पहिल्यांदा घेतला. म्हणजे 2019 चंच बघा. मे महिन्यात कौन्सिलच्या 38 पैकी 32 जागा असोसिएशनला आणि कॉन्झर्व्हेटिव्हांना फक्त एक. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॉन्झर्व्हेटिव्हांचे ख्रिस ग्रेलिंग आरामात खासदार. मतदारसंघाची हद्द बरोपेक्षा थोडी मोठी आहे, तरी माणसं बहुतांशी तीच. डोक्यात दोन खण : देश कुणी चालवायचा हा एक प्रश्न आणि डबे कुणी उचलायचे हा दुसरा. मला हे फार शहाणपणाचं वाटलं होतं. अजूनही वाटतं, पण पूर्ण नाही.

कारण एक, 'आम्ही पक्ष नाही' म्हणणाऱ्यांनाही मतपत्रिकेवर नाव छापायचं तर निवडणूक आयोगाकडे पक्ष म्हणूनच नोंदणी करावी लागते, आणि तशी त्यांनी केलेली आहे :-) दुसरं जास्त गंभीर. तिथे एका वॉर्डात दोन किंवा तीन जागा असतात आणि जितक्या जागा तितकी मतं, ज्यांना सर्वात जास्त ते निवडून येतात. त्यामुळे वॉर्डात जो थोडा पुढे असतो तो बहुतेकदा सगळ्याच जागा घेऊन जातो. मग विरोधक उरतात मूठभर, आणि ते प्रश्न विचारून विचारणार किती?

2023 मध्ये हे दिसलं. सरकारच्या धोरणाप्रमाणे घरं हवीत, म्हणून कौन्सिलने बांधकामाच्या नव्या आराखड्याचा मसुदा काढला आणि त्यात ग्रीन बेल्टमधल्या काही जमिनी धरल्या. गावाचं गावपण टिकवायचं म्हणून मतं मागणाऱ्यांच्या राज्यात शेतांवर घरं! लोक खवळले, आणि मार्चमध्ये तो आराखडा थांबवावा लागला. पण खरं सांगायचं तर स्टोनलीची ती घरं तरी कुठे उभी राहिली होती? शेतांवरच ना!

4 मे ला मी मतदानाला गेलो. इंग्लंडमध्ये फोटो ओळखपत्राची सक्ती त्याच निवडणुकीपासून सुरू झाली होती. कॉमनवेल्थ देशाचा पासपोर्ट चालतो, म्हणून निळा पासपोर्ट दाखवला. बाईंनी शांतपणे नाव शोधलं आणि कागद दिला. एक मत असोसिएशनला दिलं आणि एक मुद्दाम विरोधकाला. निकाल लागला : 35 पैकी 26 असोसिएशन, लिबरल डेमोक्रॅट 5, लेबर 2, कॉन्झर्व्हेटिव्ह 2.

त्या दिवशी माझ्या पुण्याच्या महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मार्च 2022 मध्ये मुदत संपली होती, प्रशासक बसले होते, आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी 2026 उजाडलं. आईला फोनवर सांगितलं की मी मत देऊन आलो. ती म्हणाली, कुठे? आपल्याकडे कुठे आहे निवडणूक?

पण एप्समचंही काही खरं नाही. 1960 च्या दशकात ग्रेटर लंडन बनवताना हे गाव गिळायचं घाटत होतं, पण ते वाचलं. 1974 च्या फेररचनेत शेकडो छोटी कौन्सिलं एकमेकांत विलीन झाली, पण याची हद्द तशीच राहिली. ऑक्टोबर 2025 मध्ये मात्र सरकारने निर्णय दिला : सरे काउंटी आणि तिची अकराही डिस्ट्रिक्ट बंद, त्यांच्या जागी दोन मोठी कौन्सिलं. एप्सम ईस्ट सरेमध्ये, आणखी चार शेजाऱ्यांसोबत. ठरलेली तारीख एप्रिल 2027. बरोला नव्वद वर्षं व्हायचं ते वर्ष.

मे 2027 मध्ये या कौन्सिलची पुढची निवडणूक व्हायची होती, ती आता होणार नाही. म्हणजे मी मत दिलं ती तिथली शेवटची सार्वत्रिक निवडणूक होती, आणि रांगेत माझ्यापुढे छत्री मिटत उभे असलेले आजोबा काय किंवा मी काय, आम्हाला दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.