नाणेघाट खालूनच का चढावा?

१/
नाणेघाटात पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत. जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी थेट माथ्यावर जाते. लेणे आणि दरी पाहून अर्ध्या तासात परतता येते. दुसरी वाट कोकणातून, वैशाखरे गावाजवळून, पायी वर चढते. घाटाचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर दुसरी वाट निवडावी. त्या एका दिवसाच्या नियोजनाविषयी हा धागा.

२/
आधी भूगोल. खाली कल्याण आणि सोपारा ही प्राचीन बंदरे. वर जुन्नर आणि त्यापलीकडे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण, पैठण आणि तेर यांचे उल्लेख येतात. बंदर आणि बाजारपेठ यांच्यामध्ये उभी होती ती सह्याद्रीची भिंत. नाणेघाट ही त्या भिंतीतील एक खिंड.

३/
काळ निवडावा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कल्याणहून मुरबाड–टोकावडे मार्गे पहाटेच निघावे आणि सातच्या सुमारास चालू लागावे. चढायला अडीच-तीन तास, उतरायला दोन. प्रत्येकी तीन लिटर पाणी हवे. पावसाळ्यात घाट देखणा दिसतो, पण दगड निसरडे होतात. शिवाय त्या काळात प्रवेशावर निर्बंध असू शकतात, त्यांची चौकशी करूनच निघावे.

४/
पहिला टप्पा जंगलातून सौम्य चढणीचा. पुढे वाट उभी होते आणि दगडी पायऱ्या लागतात. झाडी विरळ झाली की माथ्यावरचा ‘नानाचा अंगठा’ हा कडा दिसू लागतो. येथे दम लागला की पाठीवरच्या पिशवीऐवजी धान्याची गोणी कल्पून पाहावी. बैल, माणसे आणि माल यांच्या वेगाने हे अंतर मोजले, म्हणजे पुढच्या लेण्याची जागा उलगडते.

५/
लेणे माथ्याच्या अलीकडे, कोकणच्या अंगाला आहे. जवळच पाण्याची टाकी खोदलेली आहेत. चढून आलेल्याला सावली, बैठक आणि पाणी नेमके हवे तेथेच मिळते. आणि तो बसला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला लेख असतो: डावीकडे दहा ओळी, उजवीकडे दहा.

६/
हा लेख सामान्यतः इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील मानला जातो आणि सातकर्णीची राणी नागनिका हिच्याशी जोडला जातो. त्यात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांची नोंद आहे. मागच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या आज नष्ट झाल्या आहेत. उरली आहेत ती नावे. सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी ही त्यांपैकीच.

७/
यज्ञांची यादी व्यापारी वाटेवर कशासाठी? माझे वाचन असे: राज्याच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवणाऱ्याला, येथे सत्ता कोणाची आहे हे कळावे. बहुतेकांना लेख वाचता येत नसेल. समोरच्या प्रतिमा मात्र कोणालाही कळत. गाडीने येऊन खाली डोकावणाऱ्याला ही योजना सहसा जाणवत नाही.

८/
लेखातील दानांच्या संख्या अंकचिन्हांतही दिल्या आहेत. शून्य नाही, दहा, शंभर, हजार यांसाठी स्वतंत्र चिन्हे आहेत. १८२८ मध्ये विल्यम साईक्स येथे आला आणि या लेखांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी या अंकांचा अभ्यास केला, तर १८८३ मध्ये ब्यूलरने लेखाचे वाचन व अर्थ प्रसिद्ध केला.

९/
खिंड ओलांडली की मोठा दगडी रांजण दिसतो. त्यात जकातीची नाणी टाकली जात, असे परंपरा सांगते. घाटाच्या नावाचा अर्थही त्यावरूनच लावला जातो. लेण्यातील मुख्य लेख मात्र यज्ञ आणि दानांविषयी बोलतो, जकातीविषयी नाही. मोक्याच्या घाटात कर घेतला जाणे स्वाभाविक आहे. तरीही संभव आणि पुरावा यांतील अंतर इतिहासाच्या विद्यार्थ्याने जपावे.

१०/
मग नानाच्या अंगठ्यावर जावे. एका बाजूला जीवधन आणि वानरलिंगीचा सुळका, खाली कोकणचा विस्तार. सकाळी चाललेली वाट येथून एका नजरेत दिसते. कड्यापासून अंतर राखावे आणि अंधारापूर्वी पायथा गाठता येईल असे उतरावे.

११/
शेवटचे नियोजन घरीच करायचे आहे. लेखाचे प्रसिद्ध झालेले वाचन सोबत न्यावे, कारण अनेक अक्षरे आता झिजली आहेत. ती उठून दिसावीत म्हणून खडू फिरवू नये, पाणी ओतू नये, भिंतीला हात लावू नये. प्रतिमा गेल्या तरी त्यांची नावे उरली, म्हणून ती माणसे आपल्याला ठाऊक आहेत. आता अक्षरेही गेली, तर त्या भिंतीवर वाचण्यासारखे काहीच उरणार नाही.